शर्टाचं लेबल सहन होत नाही, पण गादीखाली दाबून घ्यायला आवडतं. नाटक, की आणखी काही?

उलटे_मोजे

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. बायको माझ्याआधी तासभर घराबाहेर पडते, त्यामुळे सकाळी त्याला तयार करायचं काम माझ्याकडे. खाली लिहितोय ते बहुतेक डोळ्यांदेखतचं आहे, ऐकीव नाही.

मोज्यांपासून सुरू करतो. मोज्याची पुढची शिवण बोटांवर आली की तो मोजा काढतो. परत घालतो, परत काढतो, रडतो, मोजा भिरकावतो. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं, एकवीस मिनिटं गेली. शेवटी वैतागून मी मोजे उलटे करून घातले, शिवण बाहेर. तो उठला आणि काहीच झालं नाही अशा थाटात चालायला लागला. मी मात्र जमिनीवर तसाच बसून राहिलो. म्हणजे इतके महिने हे खरंच शिवणीवरून चाललं होतं?

शर्टांची लेबलं सगळी कापून झाली आहेत. कापल्यावर जो इवलासा कडक काठ उरतो तोही त्याला कळतो. नवे कपडे घालत नाही, चार-पाच धुण्यांनंतर घालतो. बाहीवर पाण्याचा थेंब पडला तर शर्ट त्या क्षणी बदलायचा. नखं आम्ही तो झोपल्यावर मोबाईलच्या उजेडात कापतो. केस कापायचे तर दोन माणसं लागतात. कुणी प्रेमाने गालावरून हात फिरवला की ती जागा तळहाताने खसाखसा पुसून टाकतो. पाहुण्यांसमोर हे फार अवघड होतं.

आता दुसरी बाजू. हाच मुलगा सोफ्यावरून जमिनीवर धाडकन अंग टाकतो, दिवसातून वीस वेळा. गादी आणि भिंतीच्या फटीत शिरून बसतो. ‘बाबा, मला दाब,’ म्हणतो. उशी ठेवून हळू दाबलं तर ‘अजून जोरात.’ झोपाळ्यावरून उतरत नाही. स्वतःभोवती गोल फिरतो आणि चक्कर येत नाही. त्याच्यासोबत फिरणारा माझा पुतण्या तोवर भिंत धरून उभा असतो. दाराच्या चौकटीला रोज एकदा तरी खांदा आपटतो. मागे गुडघा फुटला होता, तर ते त्याला कळलंच नव्हतं. फरशीवर रक्ताचे ठिपके बघून मी शोधत गेलो, तेव्हा साहेब गाड्या लावत बसले होते.

आवाजाचंही तसंच. मिक्सर लागला की कान दाबून पार टोकाच्या खोलीत. बाहेरच्या स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र असतं, त्या धास्तीने तो घराबाहेर लघवीच करत नाही, तासन् तास धरून ठेवतो. आणि स्वतः मात्र पत्र्याच्या डब्यावर चमचा अर्धा तास बडवू शकतो. माझे वडील म्हणतात, ‘स्वतः वाजवतो तेव्हा बरे कान दुखत नाहीत? नाटकं आहेत सगळी.’ खरं सांगायचं तर यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खाण्यात एकदम मऊ चालतं, एकदम कुरकुरीत चालतं. मऊमध्ये मध्येच कडक तुकडा लागला की ओकारी येते, आणि ती खरी असते. वजन ठीक आहे. बोलणं उत्तम, लांबलचक वाक्यं बोलतो. नावाने हाक मारल्यावर कधी वळतो, कधी नाही, टीव्ही चालू असेल तर हमखास नाही. पुतण्याशी छान खेळतो, दहा मुलं असली की भिंतीला टेकून उभा.

शाळेतल्या बाई म्हणतात, ‘काही त्रास नाही हो, शांत मुलगा आहे.’ आणि घरी आल्यावर दहाव्या मिनिटाला स्फोट. बुटाची लेस, पेल्याचा रंग, काहीही निमित्त. त्यामुळे आपल्यालाच मूर्ख बनवतोय असं वाटायला लागतं.

रात्री जागून नेटवर ‘सेन्सरी प्रोसेसिंग’बद्दल, म्हणजे मेंदू संवेदना कशा हाताळतो त्याबद्दल, सात प्रश्नावल्या भरल्या. सगळ्यांत तो ‘बसला’. मग गंमत म्हणून एक स्वतःसाठी भरली, तर मीही बसलो. तेव्हा त्या बंद केल्या.

तर विचारायचं हे की सवय कुठे संपते आणि अडचण कुठे सुरू होते, हे ओळखायचं कसं? दाखवायचं कुणाला? आणि एक गोष्ट लिहावी की नाही कळत नव्हतं, पण लिहितो. मागच्या महिन्यात मी त्याच्यावर हात उचलला. मोज्यासाठी. ते डोक्यातून जात नाहीये.

---

सरळ_रेघ

राग मानू नका, पण आमच्या लहानपणी यातलं काही नव्हतं. मोठ्या भावाचे जुने कपडे मिळायचे, टोचले तर टोचले. दोन आठवडे दुर्लक्ष करा, आपोआप मोजे घालेल. हल्ली मूल शिंकलं तरी थेरपी.

---

गादी_झोपाळा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे कपडे, खाणं, खेळणं अशी रोजची कामं जमायला मदत करणारी; सोळा वर्षं लहान मुलांबरोबरच काम करते. मुलाला न बघता निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न फार चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. जे आपण स्वतः करतो त्याचा अंदाज मेंदूला आधीच असतो आणि तो ती संवेदना दाबून टाकतो. डब्यावर चमचा कधी पडणार, किती जोरात पडणार आणि कधी थांबणार, हे तुमच्या मुलाला ठाऊक असतं. मिक्सर न सांगता सुरू होतो आणि थांबवणं त्याच्या हातात नसतं. त्यामुळे दोन्ही आवाज तितकेच मोठे असले तरी त्याच्यासाठी सारखे नाहीत. एकदा मिक्सरचं बटण त्यालाच दाबू द्या, मग काय होतं ते लिहा.

गादीचं कोडंही तसंच आहे. हलका, ओझरता स्पर्श आणि खोल दाब या शरीराच्या दृष्टीने दोन निराळ्या बातम्या आहेत. ओझरता स्पर्श म्हणजे ‘सावध हो, अंगावर काहीतरी आलं.’ घट्ट दाबाने पुष्कळ मुलं शांत होतात. शिवाय पंचेंद्रियं आपण शाळेत शिकतो, पण आम्ही आणखी तीन मोजतो. स्नायू आणि सांध्यांतून ‘माझा हात कुठे आहे, किती जोर लावलाय’ हे कळणं, त्याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. आतल्या कानातून तोल आणि गती कळणं, ते व्हेस्टिब्युलर. आणि भूक, लघवी, उकाडा असं आतलं कळणं, ते इंटरोसेप्शन. एकच मूल स्पर्शाला अतिसंवेदनशील, दुखण्याला थंड आणि झोक्याला हावरट असू शकतं. पालक मला नेहमी म्हणतात, ‘याचं काही एक धड नाही, म्हणजे नाटकच असणार.’ मला मात्र असा विसंगत नकाशा दिसला की मी जास्त बारकाईने बघते. नाटक करणारं मूल सहसा इतकं गुंतागुंतीचं नाटक रचत नाही. आणि रचलंच, तर ते प्रेक्षक बघून करतं; तुमचा मुलगा रक्ताळलेला गुडघा घेऊन एकटाच गाड्या लावत होता.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२चं. पुढे १९९७ मध्ये विनी डन यांनी एक सोपी चौकट दिली. दोन गोष्टी बघायच्या: मेंदूतली घंटा किती लवकर वाजते, आणि वाजल्यावर (किंवा न वाजल्यावर) मूल काय करतं. घंटा लवकर वाजणारं एखादं मूल पळ काढतं, दुसरं तिथेच बसून किरकिरतं. उशिरा वाजणारं एखादं उड्या मारत संवेदना शोधत फिरतं, दुसरं नुसतं मंद बसून राहतं. या चौघांत सगळ्यात उशिरा लक्षात येतं ते शेवटचं. कुणाला त्रास देत नाही, नाक वाहतंय हेही त्याला कळत नाही, ‘गरीब आहे हो’ म्हणून सोडून दिलं जातं. तुमचं मूल तसं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचं असेल म्हणून लिहिते.

सवय आणि अडचण यांतली रेघ. लेबल मलाही आवडत नाही. मी स्वतःला विचारते की यामुळे रोजच्या कुठल्या गोष्टी अडतात? झोप, खाणं, कपडे, शौचाला जाणं, बाहेर पडणं, खेळणं. एकाहून जास्त ठिकाणी अडतं का? काही महिने सलग चाललंय का? आणि सगळं घर त्याभोवती वाकायला लागलंय का? तुमच्याकडे एकवीस मिनिटं, झोपेत नखं आणि घराबाहेर लघवी बंद, हे तीन माझ्यासाठी पुरेसे आहेत. ‘दाखवावं’ यासाठी पुरेसे, ‘झालंय’ असं म्हणायला नव्हे.

आता माझ्याच धंद्याच्या विरोधात जाईल असं थोडं. ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, स्वतंत्र निदान म्हणून नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं की हे नाव एकटं निदान म्हणून देऊ नका, मागे ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), चिंता किंवा हालचालींच्या समन्वयाची अडचण आहे का ते आधी बघा. डीएसएम-५ने संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं ऑटिझमच्या निकषांत घेतलं हे खरं. म्हणून मोजा टोचणारं प्रत्येक मूल ऑटिस्टिक होत नाही. त्यासाठी सामाजिक संवादातला फरक असावा लागतो. पण तो आहे की नाही हे बघायचं काम डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनचं (मुलांचा विकास बघणारे बालरोगतज्ज्ञ), माझं नाही, आणि नेटवरच्या प्रश्नावलीचं तर नाहीच. त्यामुळे आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, त्यांच्याकडून पुढे, आणि त्यांच्याबरोबरच ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

त्याही आधी कानांची तपासणी. हाकेला कधी वळतो, कधी नाही, हे मी ‘सेन्सरी’ म्हणून सोडून देणार नाही. लघवी धरून ठेवण्याबद्दलही डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यातून संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही मागे लागतात.

थेरपीबद्दल सांगायचं तर ती जादू नाही. ऑटिझम असलेल्या मुलांवरच्या चाचण्यांचे निकालही एका दिशेचे नाहीत. काहींत पालकांनी ठरवलेल्या उद्दिष्टांमध्ये चांगला फरक दिसला; ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, निकाल २०२२चा, नेहमीच्या सेवेपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. अंगावर दाब यावा म्हणून घालतात त्या वजनदार जॅकिटांचा पुरावा तर फारच तोकडा आहे. म्हणून जो थेरपिस्ट पहिल्याच दिवशी ‘मोजे स्वतः घालून पाच मिनिटांत दाराबाहेर’ असं मोजता येण्यासारखं उद्दिष्ट तुमच्याबरोबर ठरवेल आणि दोन-तीन महिन्यांनी ‘होतंय का, नाहीतर बदलू’ म्हणेल, त्याच्याकडे जा. दहा मिनिटांत नाव देऊन वर्षभराचं पॅकेज पुढे करणाऱ्याकडून उठून या.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. आधी नसलेला त्रास अचानक सुरू झाला, येत असलेले शब्द गेले, मध्येच टक लावून हरवल्यासारखं होऊ लागलं किंवा खाण्यातल्या गोष्टी कमी कमी होत वजन घटायला लागलं, तर लगेच डॉक्टर.

---

रंगपेटी

बालवाडीत शिकवते, बावीस वर्षं झाली. ‘काही त्रास नाही, शांत आहे’ हे वाक्य मीही शेकडो पालकांना ऐकवलं आहे. आज त्याची लाज वाटते. वर्गात पंचवीस मुलं असतात. जो रडत नाही, मारत नाही, तो आमच्या नजरेतून सुटतो.

बाईंना ‘कसा वागतो?’ असं विचारू नका, उत्तर ‘छान’च येणार. असं विचारा: रांगेत कुठे उभा राहतो? (मागून कुणाचा धक्का लागू नये म्हणून काही मुलं हट्टाने शेवटी राहतात.) घरी जाताना कॉलर किंवा बाही चावून ओली झालेली असते का? हाताला डिंक किंवा रंग लागला की काय करतो? पेन्सिलीचं टोक किती वेळा मोडतं? सगळी एकदम ओरडतात तेव्हा तो वर्गात नेमका कुठे असतो? या प्रश्नांची उत्तरं द्यायला बाईंना आधी बघावं लागेल. दोन दिवस मागून घेतील, घेऊ द्या.

घरी आल्यावरचा स्फोट म्हणजे तुम्हाला मूर्ख बनवणं नाही. सगळी सकाळ दात-ओठ खाऊन सांभाळलेलं तो तुमच्या दारात सोडतो, कारण तिथे सोडलं तरी चालतं हे त्याला माहीत आहे. आल्या आल्या ‘आज काय केलं?’ विचारू नका. पंधरा मिनिटं काहीच विचारू नका.

माझ्याकडे एक मुलगी होती. खुर्चीवरून सतत घसरायची, शेजारणीच्या अंगावर रेलायची. मी तिला आळशी म्हणायचे, तेही सगळ्यांसमोर. एका थेरपिस्टने सुचवलं म्हणून बसायच्या आधी वह्यांचा गठ्ठा वाटायचं काम तिला दिलं. त्यानंतर वीसेक मिनिटं ती ताठ बसायची. रोज नाही, पण बरेच दिवस. मग उलटंही झालं. सगळं काही शिकल्याच्या थाटात एका मुलाबद्दल मी पालकांना ‘सेन्सरी असेल’ म्हणून सांगून टाकलं. फळ्याकडे बघायचं टाळतो, डोळे चोळतो, चिडतो. त्याला चष्मा लागला होता. एवढंच होतं.

---

बत्ती_बंद

मी एकतीस वर्षांचा आहे आणि तो मुलगा मीच होतो, म्हणून लिहितोय.

‘टोचतं’ हा शब्द पुरत नाही. टोचणं थोड्या वेळाने विसरायला होतं. तुम्ही सकाळी घड्याळ मनगटावर बांधता, पाच मिनिटांनी ते आहे हे विसरता. मी विसरत नाही. दुपारी चार वाजताही लेबल सकाळी सातला होतं तितकंच असतं. आणि तेवढ्यात कुणीतरी गणित विचारतं. घरी आलो की मी दिवा लावत नसे, आई म्हणायची वटवाघूळ आलं. ट्यूबलाईटची गुणगुण बाकी कुणाला ऐकू येत नाही हे मला दहाव्या वर्षी कळलं. तोवर वाटायचं, सगळ्यांनाच येते आणि सगळे माझ्यापेक्षा शूर आहेत.

सरळ_रेघ काका, तुमच्या वेळीही आम्ही होतो. नाव फक्त वेगळं होतं, कुणी ‘चिडका’ म्हणायचं, कुणी ‘नाजूक नार’.

सगळ्यात वाईट आठवण केस कापायची. दोघांनी धरून ठेवलेलं. कात्रीपेक्षा ते धरून ठेवणं लक्षात आहे. सगळ्यात चांगली आठवण मामाची. त्याच्याकडे ड्रिल होतं. प्रत्येक वेळी तो आधी सांगायचा, ‘तीन मोजतो आणि लावतो, पाच मोजेपर्यंत बंद.’ आणि खरंच पाचला बंद करायचा. भोक अर्धं राहिलं तरी. त्याच्या ड्रिलची मला कधी भीती वाटली नाही.

हात उचलल्याबद्दल त्याला सॉरी म्हणा. स्पष्ट शब्दांत, आणि कशासाठी तेही सांगा. माझ्या वडिलांनी म्हटलं असतं तर मला चाललं असतं.

---

उलटे_मोजे

सगळ्यांचे आभार. बत्ती_बंद, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवायला गेलो, तो पूर्ण वाचता आला नाही.

गादी_झोपाळा ताई, अजून थोडं. मोजे कायम उलटे घालू दिले तर लाड नाही का होणार? कानावर लावायचे ते आवाज कमी करणारे हेडफोन घ्यावेत का? आणि त्याला दाबतो ते ठीक आहे ना? आता भीती वाटायला लागली आहे.

---

गादी_झोपाळा

मोजे उलटे घाला आणि विसरून जा. ज्या भांडणातून मूल काहीच शिकत नाही, ते जिंकून आपल्या हाती काय येणार? लाड म्हणजे मुलाला नको असलेली, पण त्याला झेपणारी गोष्ट आपण टाळू देणं. इथे झेपण्याचाच प्रश्न आहे.

हेडफोन जरूर घ्या, पण ठरलेल्या ठिकाणी आणि थोड्या वेळासाठी. त्या स्वच्छतागृहासाठी उत्तम. दिवसभर घातले तर शांततेची सवय होते आणि साधे आवाजही मोठे वाटायला लागतात.

दाबणं ठीक आहे, मात्र लगाम त्याच्या हातात हवा. डोकं आणि तोंड कायम मोकळं, ‘थांब’ म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं, आणि गादीखाली एकटं कधीच सोडायचं नाही. जड पांघरूण झोपेत घालायचं असेल तर त्याला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला विचारून. दाबापेक्षाही त्याने स्वतः जोर लावलेला बरा. कपडे घालायच्या आधी भिंत ढकलायला लावा, ‘भिंत सरकतेय का बघ रे.’ कपड्यांची भरलेली टोपली ढकलत खोलीभर नेऊ दे. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून ठेवू दे. गोल फिरण्याबाबत जरा जपून, त्याचा परिणाम थांबल्यावरही चालू राहतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया सुरू झाल्या की बास. सरळ पुढे-मागे झोका त्यापेक्षा सोसवतो.

नखं कापण्याआधी प्रत्येक बोटाचं टोक आपल्या चिमटीत घट्ट दाबून धरा, मग कापा. आणि गालावरून हात फिरवणाऱ्या पाहुण्यांना सांगा की हस्तांदोलन करा, घट्ट.

डॉक्टरांकडे जाताना गुण मोजलेली प्रश्नावली नेऊ नका. दोन आठवड्यांची वही न्या: काय झालं, त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय झालं होतं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. तुम्ही एकवीस मिनिटं मोजणारे आहात, तुम्हाला जमेल.

---

सरळ_रेघ

माझं मत फारसं बदललेलं नाही. पण गुदगुल्यांचं आधी ऐकलं नव्हतं. करून पाहिलं. खरंच होत नाहीत.

---

उलटे_मोजे

सहा आठवड्यांनी येतोय.

कानांची तपासणी केली. डाव्या पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं, त्या कानाने कमी ऐकू येतंय. औषध काही नाही, तीन महिन्यांनी परत बघायचं म्हणाले. म्हणजे हाकेला न वळण्याचं निदान अर्धं उत्तर तरी मिळालं, आणि मी त्याला ‘मुद्दाम करतोस’ म्हणून ओरडायचो. मोज्यांशी मात्र याचा संबंध नाही, मोजे जसेच्या तसे.

डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियननी दीड तास बघितलं, त्यातला तासभर ते त्याच्याशी जमिनीवर बसून खेळतच होते. आमच्याकडून आणि बाईंकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेतले. सध्या ऑटिझम वाटत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, लघवीच्या भीतीकडे लक्ष ठेवा आणि थेरपी सुरू करा, असं म्हणाले. थेरपीत एकच उद्दिष्ट लिहिलं आहे: घराबाहेर लघवी. अजून जमलेलं नाही. हेडफोन लावून दारापर्यंत जातो, आत डोकावतो, परत येतो.

रंगपेटी ताई, बाईंना तुमचेच प्रश्न विचारले. चार दिवसांनी त्यांचा आपणहून फोन आला. रांगेत शेवटचा. कॉलर रोज ओली. गोंधळाच्या वेळी दप्तरांच्या कप्प्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

मिक्सरचं बटण आता तोच दाबतो. पहिल्या दिवशी दाबून पळाला. तिसऱ्या दिवशी आजोबांना म्हणाला, ‘मी लावतो, तुम्ही माझे कान धरा.’ आजोबांनी दोन्ही तळव्यांनी त्याचे कान घट्ट झाकले आणि तीन आकडे मोजले. नाटकं हा शब्द त्यानंतर माझ्या कानांवर आलेला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

सॉरी म्हणालो. मोज्यांसाठी मारलं ते चुकलं, असं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग मोज्याला कोण मारणार?’

पाय वाढलाय, जुने मोजे होत नाहीत. काल नवे आणले, उलटे करून बघितले, तर आतूनही एक शिवण आहे. चार वेळा धुऊन वाळत घातलेत, सकाळी बघू.